सांगितलेला अनुभव : गावाच्या उन्नतीचे एक साधन

शेतीत सुधारणा घडवून आणावयाची असेल तर बियाणे, खत, पाणी व पैसा ही चार साधने आवश्यक आहेत, असे सामान्यतः मानले जाते. ते खरेच आहे. परंतु ही चारही साधने हाताशी असूनही गावाचे पाऊल पुढे पडत नाही, असा अनुभव पुष्कळ ठिकाणी येतो. एकाच शिवारातील दोन शेतकऱ्यांपैकी एकाने एखाद्या रोगाचा बंदोबस्त केलेला असतो आणि बांधापलीकडच्या दुसऱ्यास त्याची वार्ताही नसते. एका घरावर कर्जाचे संकट येते व शेजारच्या घरावरही तेच आलेले असते; पण दोघेही आपले दुःख एकमेकांपासून लपवितात. अशा गावात उणीव असते ती साधनांची नव्हे, तर बोलण्याची. आपला अनुभव आपल्या तोंडाने चारचौघांत सांगणे आणि दुसऱ्याचा मन लावून ऐकणे, हे पाचवे साधन होय. त्यास खर्च लागत नाही. मात्र थोडे धैर्य व थोडी शिस्त लागते.

वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यातील रोहणा हे गाव या दृष्टीने विचारात घेण्यासारखे आहे. पुलगाव ते आर्वी या अरुंदमापी लोहमार्गावरील गाव म्हणून त्याची जुन्या पिढीस ओळख आहे. भोवतालचा मुलूख कपाशी, तूर व सोयाबीनचा असून शेती बव्हंशी पावसावर अवलंबून आहे. अशा प्रदेशात एकाची चूक व एकाचे यश ही दोन्ही सर्वांच्या उपयोगाची असतात. कारण जमीन, पाऊस आणि बाजार सर्वांना सारखेच असतात.

जुनी परंपरा

अनुभव सांगून समाज जागा करण्याची रीत महाराष्ट्रास नवी नाही. १८५५ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीने मांग व महार समाजाच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’ पत्रात प्रसिद्ध झाला. त्या काळी अस्पृश्यतेविषयी वादविवाद पुष्कळ होत. पण ती सोसणाऱ्या घरातील मुलीने स्वतः सांगितलेल्या हकिकतीचे वजन निराळेच होते. ज्याच्यावर प्रसंग गुदरला त्यानेच तो सांगितला म्हणजे ऐकणाऱ्यास ‘असे कोठे होत असेल काय?’ असे म्हणून सुटता येत नाही.

विदर्भात हेच कार्य कीर्तनाने व भजनाने झाले. अमरावती जिल्ह्यात १८७६ साली जन्मलेले संत गाडगेबाबा कीर्तनात श्रोत्यांस प्रश्न विचारीत आणि त्यांच्याच तोंडून उत्तरे काढून घेत. कर्ज काढून केलेले लग्न, दारूपायी गेलेले शेत, अस्वच्छता हे विषय त्यांच्या कीर्तनात श्रोत्यांच्या रोजच्या आयुष्यातूनच येत. वर्धा नदीच्या पलीकडे मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापन करणारे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज यांनी सामुदायिक प्रार्थनेच्या निमित्ताने गावाला नियमाने एकत्र बसण्याची सवय लावली. गाव एकत्र बसल्यावाचून बोलत नाही आणि बोलल्यावाचून एक होत नाही, ही गोष्ट या दोन्ही सत्पुरुषांच्या कार्यातून स्पष्ट होते.

ऐका, चर्चा करा, कृती करा

या रीतीचा पद्धतशीर प्रयोग १९५६ साली पुणे आकाशवाणी केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने केला. त्या वेळच्या मुंबई राज्यातील मराठीभाषी जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत रेडिओ शेतकरी मंडळे स्थापन करण्यात आली. आठवड्यातून दोनदा मंडळाचे सभासद एकत्र जमत, शेतीविषयक कार्यक्रम ऐकत व नंतर त्यावर आपापसांत चर्चा करीत. असे एकूण २० कार्यक्रम झाले. ‘ऐका, चर्चा करा, कृती करा’ हे या मंडळांचे ब्रीद होते. प्रयोगाच्या आधी व नंतर सभासदांची माहिती तपासण्यात आली. मंडळे असलेल्या गावांतील लोकांच्या ज्ञानात, मंडळे नसलेल्या गावांच्या मानाने, लक्षणीय वाढ झाल्याचे त्या पाहणीत आढळून आले.

या प्रयोगाचे मर्म लक्षात घेण्यासारखे आहे. रेडिओ एकट्याने ऐकला असता माहिती कानावर पडते व विसरली जाते. परंतु कार्यक्रम संपल्यावर कोणी म्हणतो, ‘मी हे करून पाहिले, माझे असे झाले’; दुसरा म्हणतो, ‘माझ्या शेतात उलटेच झाले’; आणि मग दोघांच्या जमिनीत, पेरणीत वा पाण्यात काय फरक होता याचा शोध सुरू होतो. येथे सल्ल्याचे रूपांतर निर्णयात होते. कृषि विभागाच्या हल्लीच्या शेतीशाळाही याच तत्त्वावर चालतात. तेथे शेतकरी ठराविक दिवशी शेतात जमून पिकाचे निरीक्षण करतात, पाहिलेले मांडतात आणि काय करावयाचे ते एकत्र ठरवितात.

परदेशातही याचे उदाहरण आढळते. डेन्मार्कमध्ये १८४४ साली रोडिंग येथे पहिली लोकशाळा निघाली. शेतकऱ्यांच्या तरुण मुलांना तेथे परीक्षांसाठी शिकविण्यापेक्षा प्रत्यक्ष संभाषणातून आपला समाज व आपले जीवन समजावून देण्यावर भर असे. त्याच देशात १८८२ पासून सहकारी दुग्धशाळांची वाढ झाली. एकत्र बसून मोकळेपणाने बोलण्याची सवय असलेल्या लोकांना भागीदारीचा व्यवहार करणे सोपे गेले, असे या इतिहासाचे अभ्यासक मानतात.

काकडदऱ्याचा पाठ

आर्वी तालुक्यातच याचे अलीकडील उदाहरण आहे. पानी फाउंडेशनने २०१६ साली वरुड, अंबाजोगाई व कोरेगाव या तीन तालुक्यांत जलसंधारणाची ‘वॉटर कप’ स्पर्धा सुरू केली. पहिल्या वर्षी सातारा जिल्ह्यातील वेळू हे गाव प्रथम आले. २०१७ साली स्पर्धा ३० तालुक्यांत भरली आणि त्या वर्षी पहिला क्रमांक आर्वी तालुक्यातील काकडदरा या छोट्याशा गावाने पटकाविला.

या स्पर्धेच्या शिक्षणाची रीत पाहण्याजोगी होती. प्रत्येक गावातून निवडलेले स्त्री-पुरुष प्रशिक्षणासाठी पाठविले जात. समतल चर कसा आखावा व बांधाची जागा कशी निवडावी हे त्यांना शिकविले जाईच. पण त्याबरोबर ज्या गावांनी हे काम आधी केले होते, त्यांची हकिकत चित्रफितींतून व प्रत्यक्ष गावकऱ्यांच्या तोंडून ऐकविली जाई. त्या हकिकतीत केवळ यश नसे. गावात दोन तट कसे होते, पहिल्या दिवशी श्रमदानास किती थोडी माणसे आली, कोणी टिंगल केली, हेही असे. ‘आमच्यासारख्याच गावाने हे केले’ एवढी खात्री पटली की कुदळ उचलण्यास वेळ लागत नाही. तज्ज्ञाच्या भाषणाने ‘काय करावे’ हे कळते. समदुःखी माणसाच्या अनुभवाने ‘आपल्याला हे करता येईल’ हे कळते. ही दोन ज्ञाने निराळी आहेत आणि कामास दोन्ही लागतात.

एकाचे गुपित, सर्वांचे नुकसान

न बोलण्याने होणारी हानी कपाशीच्या पिकात विशेष दिसून येते. २०१७ च्या हंगामात विदर्भात गुलाबी बोंडअळीने कपाशीचे मोठे नुकसान केले. हंगाम संपल्यावरही पाणी देऊन ठेवलेल्या फरदडीत ही अळी टिकून राहते व तिचे पतंग पुढील हंगामात शिवारभर पसरतात. म्हणून फरदड न घेता डिसेंबरअखेर, उशिरात उशिरा जानेवारीत, पीक काढून पऱ्हाट्यांची विल्हेवाट लावावी, असा सल्ला कृषि विभाग देतो. परंतु एकाने फरदड मोडली आणि शेजाऱ्याने ठेवली तर पतंगास बांध अडवीत नाही. हा उपाय साऱ्या शिवाराने मिळून केला तरच फळतो. सारे शिवार एका मताचे केव्हा होते? ज्याने फरदडीच्या चार क्विंटलांच्या लोभाने पुढील वर्षीचे पीक गमावले, तो स्वतः आपला हिशेब सर्वांसमोर मांडतो तेव्हा. नुकसान सांगण्यात कमीपणा वाटतो हे खरे. पण लपविलेले नुकसान दुसऱ्या वर्षी दुसऱ्याच्या शेतात पुन्हा उगवते.

फवारणीची गोष्टही अशीच. त्याच २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसाहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. मळमळ, डोळ्यांची आग, डोके गरगरणे ही पहिली लक्षणे दिसत असताना ‘होईल बरे’ म्हणून घरी निजून राहणे घातक ठरते. ज्यास एकदा अशी बाधा झाली आणि जो वेळेवर रुग्णालयात पोचल्याने वाचला, त्याने आपली हकिकत हंगामाच्या आरंभी सांगितली, तर तोंडावरचा रुमाल, हातमोजे व वाऱ्याची दिशा यांचे महत्त्व शंभर फलकांपेक्षा अधिक ठसते. विशेषतः रोजंदारीने फवारणी करणाऱ्या मजुरास बोलण्याची संधी मिळणे अगत्याचे आहे. कारण धोका सर्वांत अधिक त्याला असतो आणि सभेत आवाज सर्वांत कमी त्याचा असतो.

ज्यांचे कोणी ऐकत नव्हते त्यांचे बोलणे

अनुभवकथनाचे सर्वांत गंभीर उदाहरण शेतकरी विधवा भगिनींचे आहे. वर्धा हा विदर्भातील शेतकरी आत्महत्यांची झळ लागलेल्या सहा जिल्ह्यांपैकी एक होय. पतीच्या निधनानंतर शेत तीच स्त्री कसते, मुलांना तीच वाढविते, कर्जाचा तगादाही तीच सोसते. परंतु सात-बारावर तिचे नाव नसते. त्यामुळे पीककर्ज, पीकविमा किंवा शासकीय मदत मागताना ती दारोदार फिरते. प्रत्येकीस वाटते की हे दैव एकट्या आपलेच आहे.

महिला किसान अधिकार मंचाने २०१८ साली मराठवाडा व विदर्भातील अशा ५०५ स्त्रियांशी बोलून पाहणी केली. त्यांपैकी सुमारे ४० टक्के स्त्रियांना, त्या कसत असलेल्या जमिनीचा हक्क मिळालेला नव्हता. राहत्या घरावरील हक्क तर केवळ ३५ टक्के स्त्रियांनाच मिळाला होता. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये अशा काही भगिनींनी मुंबईच्या आझाद मैदानावर जमून आपापली हकिकत जाहीरपणे सांगितली. एकएकटीची रडकथा म्हणून जी गोष्ट घरात दाबली गेली होती, ती एकत्र मांडल्यावर सार्वजनिक प्रश्न ठरली. पुढे जून २०१९ मध्ये, आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतील स्त्रियांच्या हक्कांची प्रकरणे प्राधान्याने हाताळण्याविषयी राज्य शासनाने निर्णय काढला.

सांगणे, ऐकणे, एकत्र येणे व मागणी करणे या पायऱ्या येथे क्रमाने दिसतात. पहिली पायरी वगळून चौथीवर कोणासही जाता आले नसते.

हकिकतीस नोंदीची जोड

परंतु हृदय हेलावले म्हणजे काम झाले असे नाही. या बाबतीत भूदानाचा इतिहास बोलका आहे. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे वर्ध्याहून पायी गेलेल्या विनोबा भावे यांच्यासमोर भूमिहीन हरिजनांनी आपली स्थिती सांगितली व ८० एकर जमीन मागितली. ते ऐकून रामचंद्र रेड्डी यांनी तेथेच १०० एकर देऊ केली व भूदानाचा आरंभ झाला. समोरासमोर सांगितलेल्या गरजेचे सामर्थ्य याहून मोठे कोठे दिसणार? तरी पुढे देशभर जाहीर झालेल्या दानांपैकी बरीच जमीन भूमिहीनांच्या हाती पडलीच नाही. कोठे जमीन लागवडीस अयोग्य निघाली, तर कोठे कागदपत्र पुरे झाले नाहीत. यावरून धडा असा की, बैठकीत उमटलेल्या सद्भावनेस त्याच आठवड्यात नोंदीची जोड मिळाली पाहिजे.

विधवा भगिनींच्या बाबतीत ही नोंद म्हणजे वारसाचा फेरफार. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे मृत्युपत्र न करता मरण पावलेल्या पतीच्या मालमत्तेत पत्नी ही मुले, मुली व पतीची आई यांच्याबरोबर पहिल्या वर्गाची वारस आहे. हा हक्क पतीच्या मृत्यूबरोबरच निर्माण होतो. तो कोणाच्या मर्जीवर अवलंबून नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास, म्हणजे हल्लीच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यास, त्याची वर्दी द्यावयाची असते. मुदत टळली म्हणून हक्क जात नाही. तथापि विलंबाने तंटे वाढतात. अर्जासोबत मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची माहिती व प्रतिज्ञापत्र, तसेच सात-बारा व आठ-अ यांचे उतारे जोडावेत आणि अर्जाची पोच अवश्य घ्यावी. नोटीस निघून हरकतीची मुदत संपल्यावर नोंद प्रमाणित होते. नंतर उतारा काढून आपले नाव बरोबर आले आहे की नाही, हे स्वतः पाहावे.

पती हयात असतानाच पत्नीचे नाव सहधारक म्हणून सात-बारावर लावण्याची सोय १९९२ पासून शासनाच्या ‘लक्ष्मीमुक्ती’ योजनेत आहे. ज्या घराने असे नाव लावले, त्या घरातील पतीनेच त्याचे कारण व रीत बैठकीत सांगितली, तर इतरांचा संकोच लवकर मोडेल.

बैठक कशी भरवावी

रोहण्यासारख्या गावात अनुभवाची बैठक पुढील रीतीने भरविता येईल.

१. बैठक महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी व ठरलेल्या ठिकाणी घ्यावी. पेरणी व वेचणीच्या धांदलीत ती थोडक्यात आटोपावी, पण मोडू नये.

२. एका बैठकीस २० ते २५ माणसे पुरेत. सर्वांनी गोल बसावे. खुर्च्या, हारतुरे व स्वागताची भाषणे यांस फाटा द्यावा.

३. विषय एकच असावा : फरदड, फवारणी, सावकारी कर्ज, विहिरीचे पाणी, वारसनोंद यांपैकी कोणताही. ज्यांना त्याचा प्रत्यक्ष अनुभव आहे अशा तिघांनी प्रत्येकी दहा मिनिटे बोलावे. आपण काय केले, केव्हा केले, खर्च किती आला, फळ काय मिळाले व पुन्हा केल्यास काय बदलू, या पाच गोष्टी त्यात याव्यात.

४. निदान एक हकिकत अपयशाची असावी. केवळ यशाच्या गोष्टी ऐकून गरीब शेतकऱ्याचे मन खचते.

५. स्त्रिया, शेतमजूर व भूमिहीन यांनी आधी बोलावे. मोठ्या खातेदारांनी शेवटी. स्त्रियांना पुरुषांसमोर बोलणे अवघड वाटत असेल तर त्यांची बैठक बचतगटात निराळी घ्यावी आणि त्यांच्या संमतीने त्यातील मागण्या ग्रामसभेपुढे ठेवाव्यात.

६. शेवटची पंधरा मिनिटे ‘आता काय करावयाचे’ यासाठी राखावीत. ठरलेले काम, ते करणाऱ्याचे नाव व तारीख वहीत लिहावी. पुढील बैठकीचा आरंभ ती वही वाचून करावा.

७. कृषि सहायकास वर्षातून दोन-तीन बैठकांना बोलवावे. त्याने प्रथम ऐकावे व मग शास्त्रीय माहिती सांगावी. एकाच्या अनुभवावरून साऱ्या गावाने औषधाची मात्रा ठरविणे धोक्याचे आहे. तेथे शिफारसच प्रमाण मानावी.

पथ्ये

दुसऱ्याची गोष्ट त्याच्या परवानगीवाचून सांगू नये. कोणासही बोलण्याचा आग्रह करू नये. ऐकत बसणे हाही सहभाग आहे. घरातील कलह, आजार वा कर्ज यांविषयी विश्वासाने सांगितलेली गोष्ट चहाच्या टपरीवर गेली, तर ती बैठक पुन्हा भरणार नाही. हकिकतीचा उपयोग निवडणुकीसाठी किंवा कोणाची निंदा करण्यासाठी होऊ देऊ नये. ऐकताना लगेच उपदेश करू नये. ‘तू असे करावयास नको होते’ या एका वाक्याने पुढील दहा तोंडे मिटतात.

बोलताना एखाद्याच्या तोंडून जगण्याचा वीट आल्याचे शब्द निघाले, तर ते सहज म्हणून सोडू नयेत. त्या व्यक्तीस एकटे ठेवू नये, फवारणीची औषधे हाताशी राहू देऊ नयेत आणि तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जावे. शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य उपलब्ध आहे. तो बैठकीच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

सारांश

अनुभव सांगितल्याने पाऊस पडत नाही की कर्ज फिटत नाही. परंतु कोणत्या बांधावर पाणी अडेल, कोणत्या कचेरीत कोणता कागद लागतो आणि संकटाच्या वेळी कोणाचे दार ठोठवावे, हे सांगितल्यानेच कळते. आता काकडदऱ्याची गोष्ट त्याच तालुक्यातील गावांच्या दाराशी आहे. रब्बीची कामे आटोपल्यावर व उन्हाळवाहीपूर्वी गावास थोडी उसंत मिळते. त्या वेळी पहिली बैठक भरवून पहिल्या वहीत पहिले काम लिहिले, तर खरिपाच्या पेरणीपूर्वी त्यातील एखादे तरी काम पुरे झालेले गावाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येईल.